चीर देण्याआधीच वाचणारे रक्त

पंचेचाळीस किलो वजनाच्या बाईच्या अंगात रक्त असते तरी किती? किलोमागे सुमारे ६५ मिलिलीटर धरले तर पुरते तीन लिटरही भरत नाही. माण-खटाव किंवा जत-आटपाडीकडून 'पोटात पाणी झालंय' म्हणून कराडला, मिरजेला आणलेली, पन्नाशी ओलांडलेली बाई याच वजनाची असली तर त्यात नवल नाही. अंडाशयाच्या कर्करोगाच्या मोठ्या शस्त्रक्रियेत सातशे मिलिलीटर रक्त जाणे ही युरोपातल्या शोधनिबंधांमध्ये नेहमीची गोष्ट आहे. तिकडच्या सत्तर किलोच्या बाईला ते पेलते. इथे मात्र तेवढ्यात अंगातले पाव हिस्सा रक्त जाते.

आणि हे रक्त मुळातच पातळ असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. हा कर्करोग बहुधा त्यापुढच्या वयात होतो, पण जन्मभर अंगी मुरलेला रक्तक्षय पाळी गेली म्हणून आपोआप भरून निघत नाही. शिवाय कर्करोग स्वतःच हिमोग्लोबिन खाली ओढतो आणि केमोथेरपी त्यात भर घालते. म्हणून सातारा-सांगलीत या प्रश्नाचा आढावा घ्यायचा तर तो ऑपरेशन टेबलापासून सुरू करून भागणार नाही.

भारतात दरवर्षी अंदाजे ४७ हजार स्त्रियांना अंडाशयाचा कर्करोग होतो आणि सुमारे ३३ हजार त्याने दगावतात. स्तन आणि गर्भाशयमुखापाठोपाठ बायकांमध्ये तिसरा क्रमांक याचा. तो उशिरा कळतो, कारण सुरुवातीची लक्षणे अगदी साधी असतात : पोट फुगणे, दोन घासांत भरल्यासारखे वाटणे, पित्त झाल्यासारखे होणे. निदान होईपर्यंत रोग ओटीपोटातून वर चढून पोटाच्या पडद्यावर, आतड्यांवर पदरासारख्या पसरलेल्या वपेवर, कधी यकृताच्या मागे, कधी प्लीहेच्या देठाशी पोहोचलेला असतो. त्यामुळे ही शस्त्रक्रिया एका गाठीची राहत नाही. सर्जनला पोटाचा कोपरा न् कोपरा धुंडाळावा लागतो. रक्त एकाच मोठ्या धमनीतून उसळते असेही नसते. गाठीने स्वतःसाठी वाढवलेल्या ठिसूळ नव्या वाहिन्या, पडदा सोलून काढल्यावर उघडी पडलेली जागा, माकडहाडाच्या पुढचे शिरांचे जाळे, या सगळ्यांतून ते तास-तास झिरपत राहते. भरीला पोटातले पाच-सात लिटर पाणी एकदम काढले की रक्तदाब घसरतो. मग सलाईन धावते, आणि सलाईनने पातळ झालेले रक्त आणखी कमी गोठते.

एक गोष्ट इथेच स्पष्ट केली पाहिजे. रक्त वाचवायचे म्हणून रोग मागे ठेवणे हा वाचवण्याचा मार्ग नव्हे. १९७५ मध्ये सर्जन ग्रिफिथ्स यांनी दाखवून दिले की शस्त्रक्रियेनंतर पोटात रोग किती उरला यावर बाईचे पुढचे आयुष्य ठरते, आणि आज डोळ्यांना दिसणारा रोग शून्यावर आणणे हेच उद्दिष्ट मानले जाते. तेव्हा प्रश्न असा आहे : रोग पूर्ण काढायचा, आणि तरीही कमीत कमी रक्तात काढायचा, ते कसे?

रक्त थांबवण्याची विद्या आणि अंडाशयाची शस्त्रक्रिया यांचे नाते जुने आहे. १८०९ मध्ये अमेरिकेतल्या केंटकीत इफ्रेम मॅकडॉवेल यांनी जेन टॉड क्रॉफर्ड या बाईच्या पोटातून भूल न देता अंडाशयाची प्रचंड गाठ काढली. गाठ फोडण्याआधी त्यांनी तिच्या देठाभोवती दोरा आवळला होता. ती बाई त्यानंतर तीन दशके जगली. पुढे लंडनच्या थॉमस स्पेन्सर वेल्स यांनी अशा हजारावर शस्त्रक्रिया केल्या. सांगलीच्या साध्या नर्सिंग होमपासून टाटा रुग्णालयापर्यंत प्रत्येक ट्रेमध्ये जी 'आर्टरी' ठेवलेली असते, तो चिमटा त्यांच्याच नावाने ओळखला जातो. नंतरची मोठी भर १९६८ मधली. सर्जन ख्रिस्तोफर हडसन यांनी सुचवले की ओटीपोटात घट्ट चिकटलेल्या गाठीत समोरून बोटे घालून ती सोडवू नये. पोटाच्या पडद्यामागून शिरावे, मूत्रवाहिनी शोधून बाजूला घ्यावी, गाठीकडे येणाऱ्या वाहिन्या त्यांच्या उगमाशी बांधाव्या आणि मग गाठ तिच्या पडद्याच्या वेष्टनासकट एकसंध उचलावी. गाठीला हात लागण्याआधीच तिचे रक्त तोडायचे, असे हे सूत्र. रक्तस्राव कमी करणाऱ्या सगळ्या तंत्रांमध्ये माझ्या मते याच्या तोडीचे दुसरे नाही. यासाठी कोणतेही महागडे यंत्र लागत नाही. लागतो तो पडद्यामागची शरीररचना हाताला माहीत असलेला सर्जन.

मिरजेत विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिशनचे रुग्णालय उभे केले, तेव्हापासून या गावाकडे दूरदूरचे रुग्ण येत राहिले. आज मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, सिद्धिविनायक गणपती कॅन्सर हॉस्पिटल आहे. कराडला कृष्णा रुग्णालय आहे, साताऱ्यात ऑन्कोलाइफ आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेने कर्करोगाच्या उपचाराचा मोठा भार उचलला. तरीही वाट चुकते ती बहुधा पहिल्याच वळणावर. सोनोग्राफीत 'गाठ' दिसते, 'काढून टाकू' असे ठरते आणि लहान ठिकाणी पोट उघडले जाते. आत रोग पसरलेला दिसतो. एक तुकडा घेतला जातो, त्या जागेतून रक्त वाहते, कसेबसे थांबवून पोट बंद होते. बाईचे रक्त गेले आणि रोग होता तिथेच राहिला. पाळी गेलेल्या बाईच्या पोटात गाठ आणि पाणी दोन्ही असेल तर चीर देण्याआधी सीए-१२५ ही रक्ततपासणी आणि सीटी स्कॅन झालाच पाहिजे, आणि कर्करोगाची शंका असेल तर पहिले पोट कर्करोग-सर्जननेच उघडले पाहिजे. रक्तबचतीचा हा सर्वांत स्वस्त उपाय आहे, आणि तो तालुक्याच्या गावातल्या डॉक्टरांच्या हातात आहे.

अनुभवी केंद्रातही निष्फळ शस्त्रक्रिया होतात. नेदरलँड्समधल्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत काही स्त्रियांची आधी दुर्बिणीने पाहणी केली आणि काहींचे पोट थेट उघडले. थेट उघडलेल्यांपैकी ३९ टक्के स्त्रियांमध्ये शस्त्रक्रिया निष्फळ ठरली, दुर्बिणीने पाहून निवडलेल्यांमध्ये ती फक्त १० टक्के. दुर्बीण आता या दोन्ही जिल्ह्यांत दुर्मीळ नाही. ती या कामासाठीही वापरायला हवी.

पाहणीत रोग फार पसरलेला दिसला तर आधी केमोचे तीन डोस आणि मग शस्त्रक्रिया, असा क्रम घेता येतो. त्यावरचा वाद पंधरा वर्षे चालू आहे. २०१० मधल्या युरोपीय चाचणीत दोन्ही क्रमांनी आयुर्मान जवळपास सारखे निघाले. गंभीर रक्तस्राव मात्र आधी शस्त्रक्रिया केलेल्यांमध्ये ७.४ टक्के होता, तर केमोनंतर केलेल्यांमध्ये ४.१ टक्के. २०१५ च्या ब्रिटिश चाचणीचा कौलही केमो आधी द्यायला हरकत नाही असाच होता. २०२५ मध्ये जाहीर झालेल्या 'ट्रस्ट' चाचणीत उत्तम केंद्रांमध्ये आधी शस्त्रक्रिया केल्यास रोग परतायला थोडा जास्त वेळ लागतो असे दिसले, पण एकूण आयुर्मानातला फरक निर्णायक ठरला नाही. म्हणजे धडधाकट बाई, काढता येण्याजोगा रोग आणि मुरलेला सर्जन असेल तर आधी शस्त्रक्रिया. अशक्त, पाण्याने फुगलेली, आठ हिमोग्लोबिनची बाई असेल तर आधी केमो. आपल्याकडे दुसऱ्या प्रकारच्या बायका जास्त दिसतात, आणि त्यांना आधी केमो देण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

या क्रमाचा एक फायदा मात्र बहुतेकदा वाया जातो. तीन डोस म्हणजे सुमारे नऊ आठवडे. एवढ्या काळात लोहाची कमतरता भरून काढता येते. पण लक्ष असते केमोच्या तारखांवर, आणि हिमोग्लोबिनकडे नजर जाते ती शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी. मग एकच मार्ग उरतो, रक्ताची बाटली लावणे. पहिल्याच भेटीत हिमोग्लोबिनबरोबर लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन आणि बी-१२ पाहावे. लोह कमी असेल तर गोळ्यांवर विसंबू नये, कारण या रुग्णांची भूक गेलेली असते, पोट साथ देत नाही आणि कर्करोगातल्या सुजेमुळे पोटातून लोह नीट शोषले जात नाही. शिरेतून द्यायच्या लोहाचे आधुनिक प्रकार एका बैठकीत हजार मिलिग्रॅमपर्यंत देता येतात, आणि केमोच्या दिवशी हाताला सलाईन लागलेलीच असते.

याला प्रतिकूल पुरावाही आहे आणि तो लपवता कामा नये. २०२० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या 'प्रिव्हेंट' चाचणीत पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेआधी १० ते ४२ दिवस शिरेतून लोह दिले गेले. हिमोग्लोबिन वाढले, पण रक्त चढवण्याचे किंवा मृत्यूचे प्रमाण घटले नाही. ही चाचणी ब्रिटनमधली होती. नऊ आठवडे हातात असलेल्या, वर्षानुवर्षे लोह कमी असलेल्या आपल्या स्त्रियांना तिचा निष्कर्ष जसाच्या तसा लावणे मला पटत नाही. लोह खरोखर कमी आहे हे तपासून, ज्यांना कमी आहे त्यांनाच आणि लवकर ते द्यावे, इतका बोध त्यातून घेता येतो.

औषधांची चौकशीही याच काळात व्हायला हवी. हृदयासाठी ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल चालू आहे का, रक्त पातळ करणारी दुसरी गोळी आहे का, केमोसोबत बेव्हॅसिझुमॅब दिले आहे का? शेवटचे औषध शस्त्रक्रियेच्या किमान चार आठवडे आधी थांबवावे लागते. केमोतल्या कार्बोप्लॅटिनने उतरलेले प्लेटलेट वर आले आहेत ना, हेही पाहावे लागते.

आता शस्त्रक्रियागृहात येऊ. इथे अलीकडची सर्वांत मोलाची शिकवण काय करू नये याची आहे. वर्षानुवर्षे असा समज होता की दिसणारा रोग पूर्ण काढला तरी मोठ्या रक्तवाहिन्यांभोवतीच्या लसीकाग्रंथी सरसकट काढाव्यात. २०१९ मध्ये 'लायन' चाचणीने ६४७ स्त्रियांवर तो तपासला. ग्रंथी नॉर्मल दिसत असताना त्या काढल्याने आयुष्य वाढले नाही (मध्यांक ६५.५ महिने, न काढलेल्यांत ६९.२). वाढला तो रक्तस्राव : ५०० ऐवजी ६५० मिलिलीटर. रक्त चढवावे लागलेल्या स्त्रिया ५६ टक्क्यांवरून ६४ टक्क्यांवर गेल्या. सुजलेल्या ग्रंथी काढाव्याच लागतात. पण सवय म्हणून नॉर्मल ग्रंथींच्या मागे लागणे आता सोडून दिले पाहिजे.

वाहिन्या जाळून बंद करणाऱ्या यंत्रांची कंपन्यांकडून मोठी भलामण होते. १९२६ मध्ये बॉस्टनला हार्वे कुशिंग यांनी विल्यम बोव्ही यांचे विद्युत-यंत्र पहिल्यांदा वापरले, तेव्हापासून हे तंत्र पुढे सरकत आले आहे. सात मिलिमीटरपर्यंतची वाहिनी दाबून वितळवणारी आजची उपकरणे वपा काढताना आणि प्लीहेच्या देठाशी खरोखर वेळ वाचवतात. परंतु एकदाच वापरायचे त्यांचे टोक महाग असते, आणि दोऱ्याच्या नीट बांधलेल्या गाठीपेक्षा त्यांनी रक्त फार कमी जाते असा या शस्त्रक्रियेपुरता भक्कम पुरावा नाही. खोल ओटीपोटात रक्त थांबत नसेल तेव्हा अंतर्गत श्रोणी धमनी बांधण्याचे कौशल्य आपल्याकडच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना बाळंतपणातल्या रक्तस्रावामुळे परिचित असते. पण ती बांधल्याने धमनीच्या ठोक्याचा जोर मोडतो, शिरांच्या जाळ्यातला पाझर फारसा थांबत नाही. तिथे मॉप (रक्त टिपायच्या कापडी घड्या) गच्च भरून दाब देणे, रक्तदाब आणि ऊब सावरेपर्यंत थांबणे, प्रसंगी मॉप आत ठेवून एक-दोन दिवसांनी परत पोट उघडणे हेच शहाणपण ठरते.

ऊब हा विषय भूलतज्ज्ञांचा, म्हणून सर्जनच्या चर्चेत तो मागे राहतो. उघडे पोट, थंड एसी, कपाटातून काढलेले गार सलाईन आणि सहा तासांची शस्त्रक्रिया असली की शरीराचे तापमान सहज उतरते. २००८ मधल्या एका संकलित विश्लेषणानुसार तापमान एका अंशाहूनही कमी उतरले तरी रक्तस्राव सुमारे १६ टक्क्यांनी वाढतो, कारण गोठण्याची सारी रसायने उबेतच नीट चालतात. गरम हवेचे पांघरूण, कोमट सलाईन, चढवताना गरम केलेले रक्त आणि भूल देण्याआधीच रुग्णाला ऊब, यांत परवडणार नाही असे काहीही नाही. बाईच्या अंगातून १६ टक्के जास्त रक्त केवळ थंडीमुळे जावे हे मला अक्षम्य वाटते.

आणि ट्रॅनेक्सामिक ॲसिड. पाळीत जास्त जाते म्हणून कित्येक बायकांनी याच्या गोळ्या घेतलेल्या असतात. शरीरात रक्ताची गुठळी तयार होताच ती विरघळवणारी यंत्रणाही सुरू होते, आणि हे औषध त्या विरघळवणाऱ्या रेणूला गुठळीवर पकड घेऊ देत नाही. जपानच्या उताको आणि शोसुके ओकामोतो या पतीपत्नींनी १९६२ मध्ये ते जगापुढे मांडले. उताको यांना बाळंतपणातल्या रक्तस्रावाने मरणाऱ्या स्त्रियांसाठी ते हवे होते. अपघातातल्या जखमींवरची २०१० ची चाचणी आणि बाळंतपणातल्या रक्तस्रावावरची २०१७ ची चाचणी, प्रत्येकी वीस हजार रुग्णांच्या या दोन चाचण्यांनी ते जगभर पोहोचवले. अंडाशयाच्या कर्करोगात थेट पुरावा मात्र लहान आहे : २०१४ मधली १०० स्त्रियांची स्वीडिश चाचणी. शस्त्रक्रियेआधी किलोमागे १५ मिलिग्रॅमचा एकच डोस दिला, तेव्हा मध्यांक रक्तस्राव ७३० वरून ५२० मिलिलीटरवर आला. दोन वर्षांनी कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या परीक्षणाला या विषयावर एवढी एकच चाचणी सापडली. पुढे २०२२ मध्ये साडेनऊ हजार रुग्णांच्या 'पॉइझ-३' चाचणीत इतर मोठ्या शस्त्रक्रियांमध्येही गंभीर रक्तस्राव ११.७ टक्क्यांवरून ९.१ टक्क्यांवर आला.

शंका असते ती पायातल्या गुठळीची, आणि ती रास्त आहे. हा कर्करोग स्वतःच रक्त गोठवणारा आहे. पाय सुजलेला असेल, आधी गुठळी झालेली असेल, झटके येत असतील किंवा मूत्रपिंड अधू असेल तर वेगळा विचार करावा लागतो. इतरांना एक डोस देणे मला योग्य वाटते. औषध स्वस्त आहे, तालुक्याच्या दुकानातही मिळते. दोनशे मिलिलीटर म्हणजे पंचेचाळीस किलोच्या बाईच्या अंगातले सात टक्के रक्त.

किती रक्त गेले हे नजरेने ठरवण्याची पद्धत बदलली तर बाकीचे सगळे मोजता येईल. सक्शनच्या बाटलीत रक्त, पोटातले पाणी आणि धुण्याचे सलाईन एकत्र होते, आणि 'चारशे-पाचशे गेलं असेल' असे लिहिले जाते. पोटातले पाणी आधी वेगळ्या बाटलीत घ्यावे, धुण्याचे सलाईन मोजून ओतावे, मॉप कोरडे आणि भिजलेले असे दोनदा तोलावेत. एक ग्रॅम म्हणजे जवळपास एक मिलिलीटर. साधा वजनकाटा पुरतो.

एवढे करूनही काहींना रक्त लागणारच, आणि मग गाठ पडते रक्तपेढीशी. नातेवाइकांना 'चार बाटल्यांची सोय करा' असे सांगितले जाते. बाईसोबत असतात त्या बहिणी-मुली, पण रक्तदात्याचे वजन किमान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन १२.५ हवे. त्यात त्या बसत नाहीत आणि गावाकडे फोन जातात. एप्रिल-मे मध्ये महाविद्यालये बंद, शिबिरे कमी, म्हणून साठा उतरतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेच्या पुराने सांगली वेढली तेव्हा रस्तेच बंद होते. २०१४ च्या जानेवारीत राज्यभर सुरू झालेली 'जीवन अमृत' सेवा, म्हणजे त्या काळी १०४ वर फोन केला की शीतपेटीतून मोटारसायकलवर रक्त, आधी साताऱ्यात आणि सिंधुदुर्गात चाचणी घेऊन मग पसरली होती. नियोजित शस्त्रक्रियेत मात्र अशी धावपळ व्हायलाच नको. रक्तगट आणि क्रॉसमॅच आधीच्या आठवड्यात उरकता येतो.

तो उरकण्याचे आणखी एक कारण खास आपल्याकडचे आहे. १९५२ मध्ये मुंबईत भेंडे आणि सहकाऱ्यांनी वर्णन केलेला 'बॉम्बे' रक्तगट नेहमीच्या तपासणीत 'ओ' म्हणूनच दिसतो, पण अशा व्यक्तीला 'ओ' रक्तही चालत नाही. हे शस्त्रक्रियेच्या सकाळी कळले तर हाती काही उरत नाही. आठवडाभर आधी कळले तर दाते शोधता येतात.

रक्त कधी चढवावे? १९९९ च्या कॅनडातल्या चाचणीपासून अतिदक्षता विभागात हिमोग्लोबिन सातच्या खाली गेल्यावर, हा नियम रूढ झाला. पण २०१५ मध्ये ब्राझीलच्या साओ पाउलोतल्या १९८ कर्करुग्णांवरच्या चाचणीत पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर सातची मर्यादा धरलेल्यांची अवस्था नऊ धरलेल्यांपेक्षा वाईट झाली. म्हणून या रुग्णांत आकड्याला चिकटून राहण्यापेक्षा नाडी, लघवी, धाप पाहून एक-एक बाटली देणे आणि दर बाटलीनंतर पुन्हा तपासणे बरे. लहान चणीच्या बाईत एका बाटलीने हिमोग्लोबिन एक ग्रॅमहून जास्तही चढते. पोटातले रक्त शोषून, धुऊन तिलाच परत देण्याचे यंत्र असते, पण त्यातून कर्कपेशी परत जातील या भीतीने ते इथे मागे राहिले. विशेष गाळणी लावून ही भीती कमी होते, मात्र खर्च पाहता दोन जिल्ह्यांच्या पातळीवर आज त्याला अग्रक्रम द्यावा असे मला वाटत नाही.

शस्त्रक्रियेनंतर बाई घरी जाते तेव्हा तिच्या पुढे उरलेले केमो असते, आणि ते तीन-चार आठवड्यांत, फार तर सहा आठवड्यांत सुरू झाले पाहिजे. हिमोग्लोबिन साडेसातवर असताना घरी पाठवलेली बाई त्या तारखेला उभी राहू शकत नाही. डिस्चार्ज कार्डावर त्या दिवशीचे हिमोग्लोबिन, शिरेतून लोह दिले की द्यायचे आहे, गुठळी होऊ नये म्हणून चार आठवडे घ्यायचे हेपॅरिनचे इंजेक्शन घरी कोण देणार आणि पुढच्या केमोची तारीख, हे चारही ठळक मराठीत लिहिलेले असावे, म्हणजे गावातली आशाताई ते वाचून आठवड्याने दारात येऊन विचारू शकेल.